झाडाची फाईल

मे महिन्यात मावसबहिणीकडे सुरतेला जाऊन आलो. ती गोडादऱ्याला राहते. राज्य गुजरात, पाट्या गुजराती. पण गल्लीत शिरलं की कानावर अहिराणी पडते. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं कापडाच्या धंद्यात कामाला आली आणि इथलीच झाली.

ताईच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आहे. गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून पेव्हर ब्लॉक बसवले होते, ते थेट बुंध्याला चिकटवून. सकाळी पाहतो तर शेजारचे एक बाबा पहारीने तेच ब्लॉक उचकटत बसलेले. सगळा जन्म लूमवर गेलेला माणूस. मी म्हटलं, "बाबा, झाड सरकारी, मग तुम्ही कशाला त्रास घेता?" ते मान वर न करता म्हणाले, "झाड सरकारनं शे भाऊ, पन सावली ते आमनीच शे ना!"

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांबाबत हेच सांगितलं होतं. बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. मुळांना हवा लागते, पाणी मुरायला उघडी माती लागते. बाबांना हा आदेश ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांनी झाडाकडे पाहिलं होतं, एवढंच.

आणि इथेच मी जरा वरमलो. सांगतो का ते.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं. आमच्या गोव्यात 1984 चा कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवी. याच कायद्यातून 2016 साली माड वगळला गेला आणि कागदावर माड हे झाडच उरलं नाही! 2017 साली तो परत आला. त्या काळातही परसातला माड नारळ देतच होता म्हणा.

तर अशीच एक फाईल काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आली. एका सरकारी आवारातली चिंच. मुळांनी कुंपणाच्या भिंतीला तडा गेला होता, म्हणून ती तोडावी असा अर्ज. टिपण मी लिहिलं. अर्जातले 'जीर्ण व धोकादायक' हे शब्द जसेच्या तसे उतरवले. चिंच माझ्या कार्यालयापासून पाच मिनिटांवर होती. मी गेलो नाही. सह्या झाल्या, परवानगी मिळाली, झाड पडलं. नंतर तिथून जाताना कापलेला बुंधा दिसला. आतून खणखणीत होता. कुठे पोकळी नाही, कुठे कीड नाही. भिंत दुरुस्त करून भागलं असतं.

कोणी मला जाब विचारला नाही. फाईल नियमाप्रमाणेच होती ना!

झाड लावताना समारंभ होतो, तोडताना फाईल होते. मधली चाळीस-पन्नास वर्षं मात्र कोणाच्याच टेबलावर येत नाहीत. तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की झाडाचा तोल जातो. बुंध्यात खिळे ठोकले की तिथून कीड शिरते. मग पावसाळ्यात झाड पडतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो.

असो. हल्ली झाडाचा कागद आला की मी आधी चप्पल घालतो आणि झाड बघून येतो. ते माझ्या कामात बसत नाही, साहेब कधी कधी हसतात. चिंच काही परत येणार नाही.

तुमच्या दारासमोरही एखादं सरकारी झाड असेल. त्याच्या बुंध्याभोवती माती दिसते का, तेवढं एकदा बघून या.