पाठवणीची सीडी वेगळ्या कप्प्यात

वरातीत दोन गाण्यांच्या मध्ये शांतता पडली, की ती फार लांब वाटते. नाचणारी पोरं हात वर केलेले तसेच ठेवून थबकतात, घोड्यावरचा नवरदेव मागं वळून बघतो आणि कुणीतरी टेम्पोच्या फाळक्यावर थाप मारून विचारतं, "काय झालं रं?" ही शांतता पडू नये म्हणून एक माणूस आदल्या रात्री घरी बसून तयारी करत असतो. वाजलेलं सगळ्या गावाला ऐकू जातं, ती तयारी मात्र कुणाला दिसत नाही. मला ती दिसली, कारण आमच्या पाचोडला ती आमच्याच घरात चालायची.

माझा थोरला चुलत भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, साउंडचा धंदा करायचा. धुळे-सोलापूर रस्त्याच्या कडेचं, मोसंबीच्या बागांनी वेढलेलं आमचं गाव. आडूळ, विहामांडवा, दावरवाडी, थेरगाव अशा आसपासच्या गावांतून सुपाऱ्या यायच्या. तुळशीचं लग्न उरकलं की अण्णाची वही तारखांनी भरायला लागायची. बेस, टॉप, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, जनरेटर हे सगळं गाळ्यात कुलपात असायचं. सीड्यांची चेनची काळी बॅग तेवढी तो रोज घरी आणायचा. यंत्र बिघडलं तर दुसऱ्या साउंडवाल्याकडून आणता येतं, बॅग कुणाकडून आणायची, असं त्याचं म्हणणं.

त्या बॅगेत विकत घेतलेली सीडी क्वचितच असे. बाकी सगळ्या राइट करून घेतलेल्या. सीडी जगाच्या बाजारात आली १९८२ साली, फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांच्या मेळातून. घरच्या घरी लिहिता येईल अशी कोरी सीडी जपानच्या तैयो युदेन या कंपनीनं १९८८ मध्ये काढली. आमच्याकडं ती पोचायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. मग नोएडाच्या मोझर बेअर कंपनीच्या कोऱ्या सीड्या पन्नास-पन्नासच्या दांड्यांत दुकानादुकानांत दिसू लागल्या. जगभरात अशा तबकड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होत होती. शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात 'नीरो' उघडून बसलेला पोरगा यादीप्रमाणे गाणी भरून द्यायचा. अण्णा यादी घेऊन एसटीनं शहरात जायचा, आणि त्या पोराला त्याची एकच ताकीद असायची: "मधला गॅप काढ." कारण ते सॉफ्टवेअर आपणहून दर दोन गाण्यांत दोन सेकंदांची मोकळी जागा ठेवतं. घरात बसून ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही. रस्त्यावर नाचणाऱ्याचा पाय तेवढ्यात खाली येतो.

कॅसेटच्या काळात ही अडचण वेगळी होती. हवं ते गाणं फितीत नेमकं कुठं आहे हे शोधण्यात वेळ जायचा, म्हणून एका गाण्याची एक कॅसेट जागेवर लावून ठेवायची पद्धत होती. सीडीत बटण दाबलं की सातवं गाणं सातव्याच जागी सापडे. पण एका सीडीवर ऐंशी मिनिटंच मावतात, म्हणजे पंधरा-सोळा गाणी. एमपीथ्री करून भरली तर त्याच सातशे एमबीत बारा तासांच्या आसपास गाणी बसतात, दीडशेच्या घरात. तरी वरातीला अण्णा एमपीथ्रीची सीडी लावत नसे. दीडशेतून एक शोधायला यंत्राला वेळ लागतो, माणसाला त्याहून जास्त. कमी गाण्यांच्या पुष्कळ सीड्या त्याला बऱ्या वाटत. आणि सीड्या पुष्कळ झाल्या, की त्या लावायच्या कशा हा प्रश्न आलाच.

दुकानदार लावतो तशा त्या चित्रपटाच्या नावानं किंवा गायकाच्या नावानं लावता येतात. अण्णानं दोन्ही करून पाहिलं नाही. त्यानं त्या प्रसंगाप्रमाणे लावल्या, आणि प्रसंगाच्या आतही वेळेप्रमाणे. पहिला कप्पा देवाच्या गाण्यांचा. कुठलंही काम असो, पहिलं गाणं देवाचं. तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. जागरण-गोंधळात आधी देवांना आवतण. रात्र कशी चढवत न्यायची याचं हे शहाणपण या मुलखात फार जुनं आहे. अण्णानं कुठला ग्रंथ वाचला नव्हता, पण लहानपणापासून जत्रेत बसून तो ते शिकला होता. माझ्या मते त्याची बॅग त्याच परंपरेतली आहे, आणि वाद्य विजेवर चालतं म्हणून तिला परंपरेबाहेर काढणं चूक आहे.

दुसरा कप्पा हळदीचा. तिथं बायकांनी फेर धरावा अशी गाणी, मधल्या लयीची. मग परण्याचा: नवरदेव मारुतीच्या पाराकडं निघतो तेव्हाची. रस्ता थोडा, ऊन फार आणि म्हातारी माणसं सोबत, म्हणून गाणी चालीची असावीत, उड्यांची नसावीत. त्यानंतर वरातीचे तीन कप्पे: सुरुवातीचा, तापलेला आणि उतरता. उतरत्या कप्प्याला बाकीचे साउंडवाले महत्त्व देत नसत. अण्णा देत असे. पोरं तापलेली असताना यंत्र एकदम बंद केलं की भांडण होतं. त्याच पोरांना चार गाण्यांत खाली आणलं की ती आपणहून जेवायला जातात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी घातली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती आणखी पक्की केली. तेव्हापासून साडेनऊला उतरता कप्पा उघडायचा हे अण्णाचं ठरून गेलं. ग्रामीण रुग्णालयासमोरून जाताना आवाज खाली घ्यायचा, हे तर कुठला नियम नव्हता तेव्हापासूनच.

आणि पाठवणीची सीडी. ती बॅगेच्या आतल्या बाजूला, वेगळी चेन असलेल्या कप्प्यात एकटीच असे. दिवसभर अण्णा त्या कप्प्याला हात लावत नसे. चुकून ते गाणं भर वरातीत वाजलं तर मुलीची आई मांडवात बसल्या जागी रडायला लागेल, आणि एकदा आलेलं रडू परत घालवता येत नाही. बाकी सगळ्या सीड्या वारंवार वापरायच्या म्हणून हाताशी, ही एकच एकदा वापरायची म्हणून दूर. कुठली वस्तू जवळ ठेवायची आणि कुठली लांब, हे ठरवताना समोरच्या माणसाच्या काळजाचा असा विचार केलेला मी दुसऱ्या कुठल्या व्यवस्थेत पाहिला नाही.

अवघड प्रश्न यायचा तो प्रल्हाद शिंदे यांच्या सीडीचा. त्यांचा आवाज आषाढीला विठ्ठलासाठी लागतो आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीलाही लागतो. ती सीडी कुठल्या कप्प्यात ठेवायची? ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन यांच्यापुढं हाच पेच होता: पुस्तक एक, विषय दोन, फळीवर जागा एकच. त्यावर ग्रंथपाल सूचीत दोन नोंदी करतात. अण्णानं दोन सीड्या केल्या, दोन कप्प्यांत ठेवल्या. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. हजार माणसं रस्त्यात उभी असताना तो नियम किती खरा ठरतो, हे टेम्पोवर उभं राहिल्यावर कळतं.

जयंतीच्या गाण्यांचा कप्पाही एक नव्हता. १४ एप्रिलची गाणी उसळणारी, ६ डिसेंबरची खाली मान घालून ऐकायची. दोन्ही बाबासाहेबांचीच, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. तिसरा कप्पा १४ जानेवारीचा. १९९४ साली त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. शहरात विद्यापीठाच्या कमानीपाशी दरवर्षी माणसं जमतात, आणि नामांतराच्या लढ्याची गाणी ऐकू येतात. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांनी काढलेली गाणी त्यात थोडी. पुष्कळ गाणी गावोगावच्या गायन पार्ट्यांनी म्हटलेली, लहानशा स्टुडिओत कॅसेटवर उतरलेली, नंतर कॅसेटवरून सीडीवर आलेली. वामनदादा कर्डकांची गाणी अशीच तोंडातोंडी फिरली. दादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या वाटेनं गाणाऱ्या कितीतरी स्थानिक कवींची नावं फक्त अशा सीड्यांच्या पाठीवर लिहिलेली आहेत.

ती पाठ लिहायचं काम माझ्याकडं असे, अक्षर बरं म्हणून. त्यातही शास्त्र होतं. सीडी खालून चमकते म्हणून सगळे खालची बाजू जपतात. खरी नाजूक बाजू वरची. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचं प्लास्टिक आहे, त्यावरचा चरा घासून काढता येतो. गाणं साठवणारा रंगाचा थर आणि त्यावरचा चांदीसारखा पत्रा वरच्या बाजूला आहे, आणि त्याच्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. तिथं बॉलपेननं दाबून लिहिलं की गाणं फाटतं. म्हणून मऊ टोकाचा मार्कर, आणि तोही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यापाशी. कागदी चिकटपट्टी तर कधीच नाही. तिच्या वजनानं तबकडी फिरताना डुलते आणि काढायला गेलं तर पत्रा सोबत येतो.

मी तीन गोष्टी लिहायचो: कप्प्याची खूण, क्रमांक आणि ठेक्याचा आकडा. अण्णा घड्याळ घेऊन पंधरा सेकंदांतले ठेके मोजायचा आणि चारनं गुणायचा. जवळच्या आकड्यांची गाणी एकमेकांशेजारी. एका प्लेअरवर एक चालू असताना दुसऱ्यावर पुढचं कानाला लावून ऐकायचं आणि ठेका जुळला की मिक्सरची दांडी सरकवायची. जगातल्या नामांकित डीजेंच्या हाती २००१ पासून पायोनियरचं सीडीजे-१००० आलं होतं, त्यात वेग बोटानं कमीजास्त करता यायचा, तबकडीला हातानं ढकलताही यायचं. आमच्याकडं दोन साधे प्लेअर होते. वेग बदलता येत नव्हता म्हणून क्रम अचूक लागायचा. यंत्रात जे नव्हतं ते अण्णानं मांडणीत आणलं, आणि मला त्याचं कौतुक आजही आहे.

एक गोष्ट तो अनुभवानं शिकला होता, तिचं कारण मला पुढं वाचून कळलं. महत्त्वाचं गाणं तो सीडीच्या शेवटी कधी टाकत नसे. सीडीवरची रेघ आतून सुरू होऊन बाहेर जाते, म्हणजे शेवटची गाणी कडेला येतात. बोटं लागतात ती कडेलाच, ऊन आणि बाक यांचा मारही कडेलाच आधी बसतो. त्यामुळं सीडी खराब होऊ लागली की शेवटची दोन-तीन गाणी पहिल्यांदा अडखळतात. अण्णा ती मिनिटं कोरी सोडायचा किंवा तिथं भरतीचं गाणं टाकायचा. बेसच्या हादऱ्यानं लेझर उडू नये म्हणून प्लेअरखाली घडी घातलेली गोधडी असे. आणि प्रत्येक वरातीच्या सीडीची दुसरी प्रत ड्रायव्हरच्या सीटमागं डब्यात.

मग पेनड्राइव्ह आला, त्यामागून मोबाइल. गाण्याचं नाव टाकलं की गाणं हजर. हे सोयीचं आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. मोझर बेअर कंपनीच्या अवसायनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. अण्णानं साउंड विकला. बॅग विकली नाही.

या उन्हाळ्यात ती बॅग उघडून मी एकेक सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आहे. हिंदी चित्रपटांची गाणी गेली तरी हरकत नाही, ती जगात हजार ठिकाणी आहेत. पण नामांतराच्या कप्प्यातल्या सीड्यांची कड अडखळते आहे. एका सीडीवर कुणाच्या तरी हळदीला गावातल्या बायकांनी म्हटलेली गाणी आहेत, अण्णानं माइक लावून घेतलेली. त्यातल्या कितीजणी आता नाहीत. लिहिलेल्या सीडीत गाणं रंगाच्या थरात असतं, आणि रंग उन्हानं, उष्णतेनं उडतो. खालून हिरवट दिसणाऱ्या सीड्यांचा रंग उजेडाला फार टिकत नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पेट्या पत्र्याखाली असतात.

म्हणून पैठण, अंबड, गेवराई या भागातल्या जुन्या साउंडवाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना माझी विनंती आहे. माळ्यावरची बॅग यंदा खाली काढा. आधी स्थानिक गायकांच्या आणि घरच्या कार्यात घेतलेल्या सीड्या उतरवा, त्यातही हिरवट दिसणाऱ्या आधी. कमी वेगानं वाचा, पुसताना मऊ फडकं मध्यापासून कडेकडं सरळ फिरवा. प्रत्येक सीडीच्या पाठीचा फोटो काढा आणि कप्प्यांचा क्रम जसा आहे तसा लिहून ठेवा, कारण गाणी एकवेळ दुसरीकडं मिळतील, तो क्रम मिळणार नाही. गाणारा कोण, गाव कुठलं, हे ओळखणारं माणूस अजून घरात असेल तर त्याला शेजारी बसवा आणि विचारून घ्या. सीडी वाचणारं यंत्र मिळत नसेल तर तालुक्याच्या कॉम्प्युटर दुकानात जुना सीडी ड्राइव्ह मागा, अजून मिळतो.