दर्याचं जेवण, वाडीतलं

काल रात्री साताऱ्याकडचे व्याही जेवायला होते. फर्माईश एकच, सगळं दर्याचं पाहिजे. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, मग आत्ताच काय ते. माडाखाली पंगत, बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी.

व्याही म्हणाले, समुद्र झकास! अहो, समुद्राचा फक्त बांगडा. नारळ, तिरफळ, तांदूळ, आगळ सगळं इथलंच. सोलकढी त्यांनी तीनदा मागितली.

वाढत होता माझा मुलगा. रातांब्याची झाडं तोडून आंब्याची कलमं लावू म्हणतो. काढणीला माणूस मिळत नाही, पाऊस आला की फळ वाया, हे त्याचंही खरंच. निम्मे रातांबे अजून झाडावर आहेत. गुहागर बाजूला काढणीला कोणी येणार असेल तर कळवा. ढग दिसू लागलेत.