पाच सेंटांचा समुद्र



आमचा पुतण्या न्यूयॉर्क शहराजवळ नोकरीला आहे. त्याने विमानाची तिकिटे पाठवली, म्हणून आम्ही उभयता गेल्या जून महिन्यात तिकडे जाऊन आलो. एरवी कारकुनाच्या पगारात हा प्रवास घडणे नाही, हे वाचकांना सांगायला नको. पहिल्या दिवशी कोलंबिया विद्यापीठ पाहिले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. त्यासमोर हात जोडून उभे राहिलो तेव्हा कंठ दाटून आला. दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, ज्ञानाचे ठिकाण झाले. आता कामगारांच्या मौजेचे ठिकाण दाखवतो." आणि त्याने आम्हांला कोनी आयलंडला नेले.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाचे दक्षिण टोक म्हणजे कोनी आयलंड. पुढे अटलांटिक महासागर. नाव बेटाचे असले तरी मधली खाडी बुजवल्यामुळे आता ते बेट राहिलेले नाही. डी गाडीने शेवटच्या स्टिलवेल ॲव्हेन्यू स्थानकापर्यंत जायला तासाभराच्या वर लागतो. जिना उतरून रस्त्यावर आलो की समोरच खाऊची दुकाने, पाळणे आणि समुद्राचा वारा. क्षणभर जत्रेतच आल्यासारखे वाटले.

या जत्रेला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला. १८८४ साली लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने इथे लाकडी रुळांवरून घसरणारी गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट. वेग आपल्या सायकलपेक्षा कमी, पण लोकांची झुंबड उडाली. १८९७ साली जॉर्ज टिल्यू याने 'स्टीपलचेज पार्क' काढले. तिथे रुळांवरून धावणारे लाकडी घोडे होते. १९०७ साली हे पार्क जळाले, तर या पठ्ठ्याने जळके अवशेष पाहण्यासाठीच दहा सेंट तिकीट लावले! १९०३ साली 'लुना पार्क' उघडले, त्यात अडीच लाख विजेचे दिवे होते असे सांगतात. घरी रॉकेलच्या किंवा गॅसच्या उजेडात राहणारी माणसे नुसते दिवे पाहायला येत. पुढच्याच वर्षी 'ड्रीमलँड' आले. १९११ च्या मे महिन्यात, हंगामाच्या तोंडावर दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि एका रात्रीत त्याची राख झाली.

सिनेमाही इथे लवकर आला. आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी पहिली हलती चित्रे दाखवली गेली. त्याच वर्षी एडिसनच्या माणसांनी कोनी आयलंडच्या पाण्यात घसरणाऱ्या होड्यांचे चित्रण केले होते. १९०३ साली एडविन पोर्टर यांनी खेड्यातून आलेल्या भोळ्या जोडप्याची या जत्रेतली फजिती पडद्यावर आणली. १९०५ साली त्यांनीच इथल्या रात्रीच्या दिव्यांचे चित्र काढले. १९१७ साली फॅटी आर्बकल आणि बस्टर कीटन यांनी तर 'कोनी आयलंड' याच नावाचा विनोदी चित्रपट केला. सुरुवातीला वेगळी चित्रपटगृहे नव्हती. दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत पडदा लावत, पेय घेतले की चित्र फुकट. पुढे १९२५ साली सर्फ ॲव्हेन्यूवर लोव कंपनीचे सात मजली इमारतीतले मोठे थिएटर उभे राहिले. या इमारतीला २०१० साली वारसा वास्तूचा दर्जा मिळाला.

पडदा म्हटले की आम्हांला आमची वाडी आठवते. चौदा एप्रिलला मधल्या चौकात पडदा बांधून सिनेमा दाखवत. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरे पडद्याच्या मागे बसायचो. अक्षरे उलटी दिसायची, पण आनंद सरळच मिळायचा. आमचे आजोबा मात्र वेगळी गोष्ट सांगत. त्यांच्या तरुणपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. दारावरच्या माणसाने सगळ्यांइतकेच पैसे घेतले आणि आपल्या लोकांना एका कडेला वेगळे बसवले. आजोबा म्हणत, "पैशाला विटाळ नव्हता, आम्हांला होता."

कोनी आयलंडचा इतिहास ऐकताना ही गोष्ट वारंवार आठवत राहिली, कारण या झगमगाटाच्या मागेही अंधार होता. इथे चेंडू मारण्याचा एक खेळ असे. कनातीच्या भोकातून काळा माणूस डोके बाहेर काढी आणि गिऱ्हाईक पैसे देऊन त्या डोक्यावर चेंडू मारी. १९०५ साली लुना पार्कमध्ये फिलिपाईन्समधील इगोरोत आदिवासींना आणून प्रेक्षणीय वस्तूसारखे ठेवले होते. लोकांनी हसावे म्हणून त्यांना कुत्र्याचे मांस खायला लावत. ज्याने त्यांना आणले त्याला त्यांची कमाई लुबाडल्याबद्दल १९०६ साली अटक झाली. कित्येक स्नानगृहांत आणि पोहण्याच्या तलावांत काळ्या माणसाला मज्जाव होता. चेंडू मारायला त्याचे डोके चालत होते, पाण्यात त्याचे अंग चालत नव्हते!

याच जत्रेत एक माणुसकीचे कामही झाले. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेच्या काचपेट्यांत ठेवून त्यांचे प्रदर्शन मांडले. प्रेक्षकांकडून पंचवीस सेंट घ्यायचे आणि त्यातून परिचारिकांचा खर्च भागवायचा. आईबापांकडून एक पैसा घेत नसत. तेव्हा बहुतेक इस्पितळांत अशा पेट्या नव्हत्या. १९४३ पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास बाळे त्यांनी वाचवली. त्यात त्यांनी कातडीचा रंग पाहिला नाही.

आणि समुद्र? तोही सर्वांचा नव्हता. किनाऱ्याचा बराच भाग स्नानगृहवाल्यांनी आणि बागवाल्यांनी कुंपणे घालून अडवला होता. कोर्टकज्जे झाले, शेवटी शहराने किनारा ताब्यात घेतला आणि १५ मे १९२३ रोजी ऐंशी फूट रुंदीचा लाकडी फळ्यांचा रस्ता लोकांसाठी खुला केला. १९२० पासून भुयारी रेल्वेचे भाडेही पाच सेंट झाले होते. मग शिलाईकाम करणाऱ्या बाया, गोदीतले हमाल, नुकतेच बोटीतून उतरलेले परदेशी मजूर, सगळे रविवारी लोटले. नेथन हँडवर्कर नावाच्या पोलंडहून आलेल्या मजुराने १९१६ साली इथे दुकान टाकले. शेजारी दहा सेंटांना मिळणारा सॉसेज-पाव त्याने पाचाला विकला. ते दुकान आजही चालते. लोक या ठिकाणाला पाच सेंटांचे साम्राज्य म्हणू लागले.

पुतण्याने आम्हांला 'सायक्लोन' नावाच्या लाकडी घसरगाडीजवळ नेले. ही २६ जून १९२७ रोजी सुरू झाली आणि अजून धावते. पाटीवर साल वाचले आणि आम्ही थबकलो. १९२७! त्याच वर्षी २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. तिथे आपली माणसे घोटभर पाण्याच्या हक्कासाठी डोकी फोडून घेत होती आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी इथे लोक पंचवीस सेंट देऊन हौसेने किंचाळत होते. त्यांचा राग आला नाही. आपल्या लोकांनाही असे निर्धास्त किंचाळता यावे, म्हणूनच तर ती लढाई होती, असे वाटले.

एक कबुली द्यायची आहे. करमणूक म्हणजे पैशाचा आणि वेळेचा अपव्यय, असे आम्ही सभांतून अनेकदा बोललो आहोत. मुलांनी जत्रेला जायचे म्हटले तर आधी पुस्तकाचे काय झाले, असे विचारत आलो. शिक्षणाचा आग्रह आजही सोडणार नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात याच शहरात होते, तेव्हा इकडे लाखो दिवे लागत होते आणि ते ग्रंथालयात बसून आपल्यासाठी वाचत होते. पण ते वाचत होते ते आपल्या पोरांना माणसासारखे जगता यावे म्हणून, आणि माणसासारख्या जगण्यात समुद्रावरची एक संध्याकाळही येते.

सूर्य कलला तेव्हा घरच्या मंडळी चपला हातात घेऊन लाटांपर्यंत गेल्या. शेजारी काळे, गोरे, चिनी, सगळ्यांची पोरे वाळूत खेळत होती. कोणी कोणाला विचारत नव्हते. मंडळींनी ओंजळभर पाणी घेतले, चेहऱ्याला लावले आणि म्हणाल्या, "खारट आहे हो, आपल्या दादरसारखेच."

परत आल्यावर आम्ही पहिले काम केले. वाडीतल्या मुलांची वर्षातून एक सहल समुद्रावर न्यायची, वर्गणी घरटी ठरवायची आणि ज्याला देता येणार नाही त्याच्या मुलाला पहिल्या गाडीत बसवायचे, असा ठराव मंडळात मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला. आपल्या वस्तीतही असे करून पाहावे, ही विनंती.