रोलसोबतची चिठ्ठी

टपालानं रोल पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विनंती करतो, सोबत चिठ्ठी घाला. वहीचा चतकोर कागद पुरतो. रोल केव्हा भरला, कॅमेऱ्यावर आयएसओ किती लावला होता, फोटो उन्हातले की घरातले, आणि एखादी फ्रेम जिवाची असेल तर तिच्यात काय आहे, एवढं लिहा. पुष्कळांना ही विनंती चमत्कारिक वाटते. रोल द्यायचा, फोटो घ्यायचे, त्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं ते फोनवर विचारतात.

ही समजूत फार जुनी आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमननं पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तेव्हा त्याच्या पोटात शंभर फोटोंची फिल्म भरलेलीच असायची. किंमत २५ डॉलर. शंभर फोटो संपले की गिऱ्हाइकानं अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये फिल्म धुऊन, गोल आकाराच्या प्रिंट काढून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत यायचा. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो, हे त्यांचं वचन होतं. रसायनांचा गंध नसलेल्या माणसाच्या हाती फोटो आला तो या व्यवस्थेमुळे, आणि त्याबद्दल ईस्टमनचे उपकार मानायला हवेत. पण फोटो काढणारा आणि फोटो धुणारा यांची ताटातूटही तिथेच झाली. जे बाकीचं म्हणून कारखान्यावर सोपवलं, त्यात फोटोचा निम्मा जीव असतो.

आपल्याकडे या कामाचा विचार करताना मला नेहमी सरस्वतीबाई फाळके आठवतात. १९१२ साली त्यांचे पती दादासाहेब लंडनहून सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मच्या काठाला भोकं पाडलेली नसायची. अंधारात बसून ती पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, हे काम दादरच्या घरात सरस्वतीबाईंनी केलं, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला. तिथे टिपणारा आणि धुणारी एकाच घरात होते. आज ऊन कसं होतं, पात्राचा शालू कुठल्या रंगाचा होता, हे तोंडी विचारता येत होतं. माझं गिऱ्हाईक देवगडला असतं, नांदेडला असतं, कधी नागपूरला. मी मुंबईतल्या खारदांड्यात, कोळीवाड्यातल्या एका तळमजल्याच्या खोलीत बसून त्याचा रोल उघडतो. मधलं अंतर भरून काढायला चिठ्ठीशिवाय दुसरं काही नाही.

हे काम मी शिकलो नव्वदच्या दशकात, उपनगरातल्या एका कलर लॅबमध्ये. तेव्हा तालुक्याच्या गावी स्टुडिओ असायचा, पण रंगीत रोल धुण्याची सोय नसायची. लग्नाचे रोल स्टुडिओवाले एसटीच्या पार्सलनं शहरातल्या लॅबकडे पाठवायचे आणि तयार प्रिंट तशाच परत जायच्या. पार्सलच्या आत चिठ्ठी असायची. ‘पोस्टकार्ड साइज, दोन सेट.’ ‘मंगळाष्टकाचे अर्जंट.’ आणि जवळजवळ प्रत्येक पार्सलमध्ये एक ओळ ठरलेली: ‘नवरी उजळ काढा.’ ही ओळ वाचून आमच्यातला प्रिंट काढणारा एक बटण दोनदा दाबायचा. प्रिंट फिकी व्हायची, शालूची जर पांढरी पडायची, नवरीच्या कपाळावरची मळवट पुसट व्हायची. गावाकडून तक्रार यायची नाही. उलट लॅब चांगली आहे असं नाव व्हायचं.

त्या बटणामागे काय असतं ते सांगितलं पाहिजे, कारण पैसे मोजणाऱ्या फार थोड्यांना ते माहीत असतं. निगेटिव्हमध्ये फोटोचा रंग असा ठरलेला नसतो. नारिंगी पट्टीवर उलटे रंग असतात, आणि त्यांचे सुलटे करताना उजेड किती, लाल किती, निळा किती, हे कुणीतरी ठरवतं. हजारो प्रिंट काढायच्या तर माणूस प्रत्येक वेळी ठरवत बसू शकत नाही. म्हणून कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९४०च्या दशकात एक युक्ती मांडली: कुठल्याही सर्वसाधारण फोटोतले सगळे रंग एकत्र केले तर सरासरी राखाडी येते, तेव्हा यंत्रानं प्रत्येक फ्रेम त्या राखाडीकडे ओढावी. युक्ती खरोखर हुशारीची आहे. बागेत उभ्या राहिलेल्या कुटुंबाचा फोटो तिनं छान येतो.

पण दांड्यातला फोटो तसा नसतो. वलांडीवर बोंबील वाळत घातलेत, खाली फिकी वाळू, वर पांढरं आभाळ. यंत्राला वाटतं, हा फोटो गरजेपेक्षा उजळ आहे, आणि ते सगळं काळवंडून टाकतं. बोंबील शिळे दिसतात. रात्री हळदीत फ्लॅश मारून काढलेला फोटो असेल तर मागे मिट्ट काळोख. यंत्र त्या काळोखाला राखाडी करायला जातं आणि पुढच्या माणसाचा चेहरा खडूसारखा पांढरा करून ठेवतं. हिरव्या लुगड्यातली बाई फ्रेमभर उभी असेल तर यंत्र हिरवा जास्त झाला समजून उलट बाजूचा जांभळट गुलाबी ओततं. इथल्या घरांमधले जुने अल्बम मी पुष्कळ पाहिलेत. शेजारच्या एका म्हाताऱ्या मावशींनी स्वतःच्या लग्नाचा फोटो माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “माजं लुगरं हिरवं होतं रं.” फोटोत ते मातकट होतं आणि चेहऱ्यावर नसलेली लाली आली होती. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की फोटो जुना झाल्यानं रंग उडाला. रंग उडाला नव्हता. पहिल्या दिवशीच कुणीतरी, म्हणजे खरं तर कुणीच नाही, तो तसा ठरवला होता.

त्यात आणखी एक गोष्ट. यंत्राचा रंग जुळवायला लॅबमध्ये नमुन्याचं कार्ड असायचं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, आणि जगभरच्या लॅबमध्ये त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा बरोबर दिसली की यंत्र बरोबर. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचं कार्ड कोडॅकनं काढलं ते नव्वदच्या दशकात. तोवर आमच्या कोकणातल्या नवऱ्या त्या परक्या बाईच्या हिशेबानं छापल्या जात होत्या, आणि वर आम्हीच त्यांना आणखी उजळ करत होतो.

आता प्रिंटऐवजी बहुतेकांना स्कॅन हवे असतात. पण स्कॅनरही स्वतःच्या मनानं सरासरी काढतोच. म्हणून मी स्वयंचलित सुधारणा बंद ठेवतो आणि फ्रेम एकेक करून बघतो. वेळ लागतो. नागपूरहून एका मुलीचा रोल आला होता, सोबत चिठ्ठी होती: ‘शेवटच्या चार फोटोंत आजी आहे. ती सावळी आहे, तिला सावळीच ठेवा.’ या कामात मला इतकी नेमकी सूचना क्वचितच मिळाली आहे. त्या चार फ्रेमवर मी एक अख्खी दुपार घालवली. आजीमागची भिंत चुन्याची होती, तिच्यावरून पांढरा जुळवला, आणि मग चेहऱ्याला हात लावायची गरजच उरली नाही.

धुण्याचं काम त्या मानानं सरळ आहे, पण क्षमा करत नाही. फिल्मवर प्रकाश पडतो तेव्हा चांदीच्या क्षाराच्या कणावर चांदीचे चार-पाच अणू एकत्र येतात. तेवढंच. डोळ्याला काही दिसत नाही. डेव्हलपर त्या पुंजक्यावरून अख्ख्या कणाची चांदी करतो. हे एकदाच होतं. रंगीत रोलसाठी सी-४१ ही पद्धत १९७२ सालापासून आहे. त्याच वर्षी आपल्याकडे पिनकोड सुरू झाला, आणि माझ्या धंद्याला दोन्ही लागतात. डेव्हलपर ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. तापमान पाव अंशानंही हललेलं चालत नाही. मुंबईत पाणी गरम ठेवणं सोपं आहे. अवघड आहे ते कृष्णधवल रोलसाठी २० अंशांवर आणणं. मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीला टेकलेलं असतं आणि उष्ण पाण्यात फिल्मचं जिलेटिन फुगून मऊ पडतं, बोटाचा धक्का लागला तरी ओरखडा उठतो. जुन्या काळी इकडचे लोक त्यासाठी क्रोम तुरटी घालून जिलेटिन कडक करून घेत. मी बर्फ वापरतो. दांड्यात होड्यांसाठी बर्फ येतोच. फोडलेल्या लादीचे तुकडे पिशवीत बांधून बाहेरच्या घमेल्यात ठेवायचे, डेव्हलपरमध्ये थेंब उतरू द्यायचा नाही. पुढचं पाणीही त्याच तापमानाचं हवं, नाहीतर थंड-गरमच्या झटक्यानं जिलेटिनवर जाळी पडते. १ जूनला मासेमारी बंद झाली की दोन महिने बर्फासाठी लांब जावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच हवेत इतकी ओल असते की फिल्म वाळता वाळत नाही.

लोकांना मात्र धास्ती असते ती टपालाची. रोल हरवेल का? माझ्या अनुभवात रोल हरवण्यापेक्षा रोल पडून राहिल्यानं जास्त नुकसान होतं. भरलेला रोल उन्हाळाभर कपाटात राहिला की न धुतलेलं चित्र हळूहळू विरायला लागतं. विमानानं जाणाऱ्या पार्सलवर क्ष-किरण पडतात हे खरं. जास्त आयएसओच्या फिल्मला त्यानं धुरकटपणा येऊ शकतो, आणि प्रत्येक फेरीची त्यात भर पडते. म्हणून रोल भरल्यावर एकदाच, सरळ, थोडा उशिरानं का होईना जमिनीवरच्या वाटेनं पाठवा असं मी सांगतो. रोलची जीभ आत ओढा किंवा दुमडा, म्हणजे कुणी तो कोरा समजून पुन्हा कॅमेऱ्यात घालणार नाही. पावसाळ्यात कोकणातून एकांनी रोलच्या डबीशेजारी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून पाठवली होती. ओल शोषून घेण्याचा हा जुना, खात्रीचा उपाय. त्यांनी तो वडिलांकडून घेतलेला होता.

कोऱ्या रोलचा प्रसंग सगळ्यात कठीण. टाकीतून फिल्म बाहेर काढावी आणि छत्तीसच्या छत्तीस फ्रेम रिकाम्या निघाव्यात. समोर गिऱ्हाईक नसतं. त्याला ही बातमी फोनवरून द्यायची असते आणि त्याचा पहिला संशय माझ्यावर असणं स्वाभाविक आहे. अशा वेळी फिल्मचा काठ साक्ष देतो. कारखान्यातच काठावर फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे प्रकाशानं उमटवलेले असतात, आणि तेही धुतल्यावरच दिसतात. काठ स्पष्ट असेल तर धुणं बरोबर झालं. बहुतेक वेळा फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलेलीच नसते. काठही कोरा असेल तर दोष धुणाऱ्याचा. मी काठाचा फोटो काढून पाठवतो आणि कसं वाचायचं ते समजावतो. पटवून देण्यापेक्षा बघायला शिकवणं मला बरं वाटतं. पुढच्या वेळी रोल घालताना तो माणूस उलटं गुंडाळायची मूठ फिरते की नाही हे बघतो.

टपालाच्या या नात्याचं टोक कुठपर्यंत जातं ते कोडाक्रोमनं दाखवलं. १९३५ साली आलेली ही रंगीत स्लाइड फिल्म घरी धुता येतच नसे, इतकी तिची पद्धत गुंतागुंतीची. शेवटी जगात एकच लॅब उरली, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स या छोट्या गावी. ३० डिसेंबर २०१० ही रोल स्वीकारण्याची शेवटची तारीख होती आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून पाकिटं तिथे येऊन पडत होती. रेल्वेत काम करणारा एक माणूस आपले धुतलेले दीड हजारांवर रोल न्यायला स्वतः गाडी घेऊन आला; जवळजवळ सगळे आगगाड्यांचे फोटो. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल कोडॅकनं छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना दिला होता. त्यातल्या काही फ्रेम त्यांनी मुंबईत, सिनेमातल्या माणसांच्या टिपल्या. तो रोल त्यांनीही टपालात टाकला नाही, स्वतः पार्सन्सला नेला. टपालावर अविश्वास म्हणून मी याकडे बघत नाही. ज्याच्या हातून चित्र उमटणार त्याच्यासमोर उभं राहावं, ही ओढ प्रत्येक फोटो काढणाऱ्याला असते. ज्यांना येता येत नाही त्यांनी लिहावं.

मीही उलट लिहितो. स्कॅनसोबत एक कागद जातो: कुठल्या फ्रेम मी उजळल्या, कुठे रंगाबद्दल मन साशंक होतं, कुठला फोटो एक पायरी कमी प्रकाशात निघालाय. काहीजण त्यावर उत्तर देतात की आभाळ असं नव्हतं, जरा पिवळट होतं, आणि मी पुन्हा स्कॅन करतो. त्याचे पैसे घेत नाही.

हल्ली बरेच तरुण लिहितात, स्कॅन मिळाले, निगेटिव्ह फेकून द्या, परतीच्या टपालाचा खर्च कशाला. हे मला मान्य नाही. स्कॅनमध्ये त्या दिवशी मी ठरवलेला रंग असतो. निगेटिव्हमध्ये मी न निवडलेलंही सगळं शिल्लक असतं. मावशींच्या लग्नाची निगेटिव्ह कुणी जपून ठेवली असती तर त्यांचं हिरवं लुगडं मला आजही परत काढून देता आलं असतं. लॅबनं ती दिली नाही आणि घरच्यांनी मागितली नाही. म्हणून मी पट्टी सहा-सहा फ्रेमची कापतो, निगेटिव्हच्या पाकिटात घालतो, दोन पुठ्ठ्यांत दाबून स्पीड पोस्टानं परत पाठवतो. तो खर्च धुण्याच्या दरातच धरलेला आहे, वेगळा लावत नाही. निगेटिव्ह नकोच असं कुणी आधी कळवलं, तर त्याला दुसऱ्या लॅबचा पत्ता देतो आणि रोल घेत नाही.