दोन पडदे आणि एक फीत

संगणकाचा पडदा घेतांना माणूस त्याची लांबी पाहतो. आम्हीहि तेंच केलें होतें. कर्णांत सत्तावीस इंच भरणारा आमचा मॉनिटर घरांत आला, तेव्हां त्याच्या विस्तारानेंच आम्ही तृप्त झालों. पुढें पुतण्याची परगांवीं बदली झाली आणि त्यानें आपला मॉनिटर आमच्याकडे ठेवला. तोहि सत्तावीस इंचीच. पण आमच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके. त्याच्यावर दोहीकडे दुप्पट, म्हणजे एकंदरींत चौपट. आमच्या पडद्याच्या एका इंचांत सुमारें ८२ ठिपके बसतात, त्याच्या इंचांत १६३.

ह्या हिशेबाकडे आम्हीं लक्षहि दिलें नसतें. परंतु त्या दिवसांत वडिलांची जुनी रोजनिशी छापण्यासाठीं आम्ही तिचीं मुद्रितें पडद्यावर तपासीत होतों. वडिलांचें लेखन जुन्या वळणाचें. अनुस्वारांची नुसती पेरणी! आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खालीं उकार. एवढा संसार थोडक्या ठिपक्यांत मांडला कीं त्याची गर्दी होते. नाव बुडते आणि नांवहि बुडतें. बुडालें तें कोणतें, हें सांगणारा ठिपकाच आम्हांला दिसेनासा झाला होता.

मग दोन्ही पडदे शेजारीं मांडले, एकच पान दोहोंवर सारख्याच आकाराच्या अक्षरांत उघडलें, आणि घरांतून शिवणाची फीत मागविली. निरोगी डोळा साधारणपणें एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढें अंतर वेगळें ओळखतो; स्नेलेननें १८६२ सालीं केलेला दृष्टिपरीक्षेचा तक्ता ह्याच मापावर बेतलेला आहे. त्या हिशेबानें पुतण्याच्या पडद्यावरील ठिपके पावणेदोन फुटांपलीकडे एकजीव व्हावेत, आमचे साडेतीन फुटांपलीकडे. तेथून पुढें दोन्ही पडदे सारखेच.

आम्ही मागें मागें सरत गेलों. अडीच फुटांवरच दोन्ही सारखे दिसूं लागले! आपला स्वस्त पडदा भारी पडद्याच्या तोडीचा ठरला, ह्याचा आम्हांस कोण आनंद झाला. इतक्यांत सौभाग्यवती आमच्याहि मागें येऊन उभ्या राहिल्या. "अहो, डावीकडच्या अक्षरांना दांते आहेत कीं!" त्या म्हणाल्या. फीत तीन फूट दाखवीत होती. माप पडद्यांचें घ्यावयास गेलों, तें निघालें आमच्या डोळ्यांचें.

नेत्रवैद्यांनीं सांगितलेलें कारण साधें होतें. चष्म्याची खालची कांच हातांतल्या पुस्तकासाठीं, वरची रस्त्यासाठीं. पडदा दोहोंच्या मधल्या ओसाड मुलखांत. शिवाय उजव्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती. ह्याची मात्र आम्हांला कल्पनाहि नव्हती, आणि घरीं येईपर्यंत आम्हीं दोघेंहि फारसें बोललों नाहीं.

पडद्यासाठीं निराळा चष्मा आला. फीत पुन्हां निघाली. ह्या खेपेस तीन फुटांवरून डावीकडचे दांते आम्हांलाहि दिसले. खरें सांगायचें तर थोडा विषादच वाटला. ज्या पडद्यावर वर्षभर प्रेम केलें, तो एका चष्म्यानें खरबरीत करून टाकला! पुतण्याचा पडदा त्याला परत द्यावयाचा आहे. नवा घेण्याविषयीं घरांत वाटाघाटी चालू आहेत. तोंवर मुद्रितें पहिल्या पानापासून पुन्हां वाचीत आहों. चौदाव्या पानावर वडिलांनीं आपल्या वडिलांविषयीं 'त्यांस' असें लिहिलें आहे. आम्हीं तपासून दिलेल्या मुद्रितांत तें 'त्यास' झालें होतें.