चार पौंडी तंगूस

20 सप्टेंबर, रत्नागिरी

हिमाचलसाठी मागवलेली दांडी आज आली. साडेपाच फुटी, टोकाला माडाच्या हिराइतकी बारीक. मुठीच्या वर छापलंय: आमिष 1 ते 7 ग्रॅम, दोरा 2 ते 6 पौंड. भाट्याच्या खाडीत तांबोशीसाठी आम्ही तीस पौंडी तंगूस लावतो. तो हिच्या कड्यांतून ओवला, तर दोन ग्रॅमची चमकी पुढ्यातच पडेल. आमिष हलकं असलं की त्याच्याच वजनाने दोरा ओढून न्यावा लागतो. जाड दोरा कड्यांना घासतो, रिळावर बसलेले वेटोळे सोडत नाही आणि फेक मरते.

म्हणजे आधी जाडी पाहायची, ताकद मागाहून. तीर्थन नदीतला ट्राउट बहुतेक पाव-अर्ध्या किलोचा. चार पौंड म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम, खूप झाले. मासा दोऱ्याला टांगून उचलायचा नसतो, त्याला दमवायचा असतो.

24 सप्टेंबर

टेबलावर तीन दोरे आणि समोर भाचा. त्याचं मत ठाम: "मामा, तू अजून नायलॉनवरच? जपानी पीई घे." पीई म्हणजे पॉलिइथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा. त्याचा 0.6 नंबर जेमतेम 0.13 मिमी भरतो. माझा चार पौंडी नायलॉन 0.20 मिमीच्या आसपास, तरी ताकदीत पीई सरस. फेक लांब जाते आणि माशाने नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं, कारण तो ताणला जात नाही.

माझी हरकत नेमकी तिथेच आहे. नायलॉन ओढला की लांबतो, आणि हा त्याचा दोष म्हणून सांगतात. समुद्रात, पन्नास-साठ वाव खाली गळ असेल तर दोष खराच. पण वीस-पंचवीस पावलांवर, बारीक गळाला लागलेला ट्राउट पाण्याबाहेर उसळी मारतो तेव्हा तो हिसका कोणीतरी पचवायला हवा. दांडी थोडा पचवते, उरलेला नायलॉन. दोरा अजिबात ताणला गेला नाही तर ओठ फाटतो आणि मासा जातो.

तिसरा फ्लुरोकार्बन. त्याचा वर्तनांक 1.42, पाण्याचा 1.33, नायलॉनचा दीडच्या वर. म्हणून तो पाण्यात दिसतच नाही, अशी जाहिरात. कमी दिसतो, एवढंच खरं. ऊन असलं की दोऱ्याची सावली तळाच्या गोट्यांवर पडते, तिला वर्तनांक काय करणार? शिवाय तो ताठ. हजार नंबरी लहान रिळावर पूर्ण भरला तर वेटोळे उसळून बाहेर येतात. दगडांना घासायला मात्र चांगला, म्हणून टोकाला हातभर जोडावा.

ठरलं: माझ्या रिळावर नायलॉन, भाच्याच्या रिळावर पीई आणि टोकाला चार पौंडी फ्लुरोकार्बन. वाद नदीवर मिटवू.

26 सप्टेंबर

रीळ भरलं. खाली जुना दोरा, वर शंभर मीटर नवा, काठाच्या दोन मिमी खालपर्यंत. त्याहून कमी भरला की फेक अडते, जास्त भरला की गुंता.

मग ड्रॅग. दांडी वाकवून दोरा ताणकाट्याला अडकवला. अर्धा किलोच्या आसपास ओढ लागली की रिळाने दोरा सोडायला हवा. दोऱ्याच्या ताकदीचा पाव ते तिसरा हिस्सा हा हिशेब जुना आहे आणि बरोबर आहे. दोऱ्यांवर तासभर वाद घालणारे ड्रॅगचा स्क्रू हातानेही फिरवून पाहत नाहीत.

रात्री गाठी. गळाच्या डोळ्यातून टोक ओवायचं, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे, टोक परत डोळ्यालगतच्या फटीतून आणि मग नव्याने झालेल्या मोठ्या फासातून. आता थुंकी लावायची. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच कच्चा पडतो. सावकाश ओढलं की वेढे एकाशेजारी एक, स्क्रूच्या आट्यांगत बसतात. एखादा दुसऱ्यावर चढला तर कापून पुन्हा. पीई गुळगुळीत असल्यामुळे त्यावर ही गाठ सरकते. त्याला दुहेरी ओवलेली पालोमार.

7 ऑक्टोबर, गुशैनी

औटच्या बोगद्याअलीकडे बस सोडली, मग लारजी, बंजार. परवाना काढला. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी, विणीचा काळ. इथले तपकिरी ट्राउट मूळचे नव्हेत. कुल्लूत 1909 मध्ये हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ते आले. पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या डोहातला गोटा मोजून घ्यावा.

8 ऑक्टोबर

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने जायचं आणि वर फेकायचं. चमकी प्रवाहापेक्षा किंचित वेगाने ओढायची, नाहीतर पातं फिरत नाही. ते फिरतं म्हणून दोऱ्याला पीळ बसतो. मध्ये बारीक स्विव्हेल लावलं.

दगडामागच्या संथ पाण्यात पहिला लागला. दोन उसळ्या, एक लांब धाव, रीळ कुरकुरत दोरा देत राहिलं. फूटभराचा, अंगावर लाल ठिपके. ओल्या हाताने धरून सोडला. गळाचा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला होता.

9 ऑक्टोबर

दुपारी दरीतून वारा सुटला. पीई पाण्याहून हलका, त्यामुळे भाच्याचा दोरा वर तरंगत कमान धरू लागला. नायलॉन हळूहळू बुडतो, तेवढा त्रास कमी. शिवाय खडकांच्या धारेवर घासून त्याचा पीई केसाळ झाला. उलट पुलाखालच्या खोल डोहात त्याने लांबून मासे धरले आणि मला तिथे चाव कळलाच नाही. तो डोह पीईचा, हे मान्य. बाकी नदी नायलॉनची.

संध्याकाळी दोऱ्याचं टोक ओठांतून फिरवलं. जीभ आणि ओठ खरचटा बरोबर हेरतात, डोळ्यांना दिसत नाही. वावभर तोडून टाकला, म्हणजे खिशात टाकला. इथे पाण्याकाठी चिमणीएवढे पक्षी दगडांवरून उड्या मारत असतात. त्यांच्या पायांत नायलॉन अडकला की सुटत नाही, आणि तो वर्षानुवर्षं कुजतही नाही.

11 ऑक्टोबर, दिल्लीची बस

भाचा मोबाइलवर फ्लुरोकार्बनच्या किमती पाहतोय. "मामा, दीडशे मीटर घेऊ?"

"टोकापुरता लागतो. पंचवीस घे. आणि घरी गेल्यावर माझा नायलॉन उन्हात ठेवू नकोस."