चार तुकड्यांचा रॉड

शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि साईदर्शनाला येणाऱ्यांची सोय झाली. माझ्या कामावर त्याचा परिणाम होईल, असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी गळाचे रॉड बांधतो आणि मोडलेले दुरुस्त करतो. राहुरी, नेवासे, शेवगाव, संगमनेरकडची मासे धरणारी मंडळी पूर्वी फार तर कोकणात किंवा गोव्याला जायची, तेही गाडीने. रॉड टपावर बांधला की काम भागायचं. आता कुणी दिल्लीमार्गे श्रीनगरला ट्राउटसाठी निघतो, कुणी चेन्नईमार्गे अंदमानला. निघायच्या आठवडाभर आधी फोन येतो, “विमानात नेता येईल असा एखादा रॉड सांगा ना, पण फार महागाचा नको.”

माझं उत्तर ठरलेलं आहे. जो रॉड मुळा धरणावर वर्षभर चालेल, तोच विमानासाठी घ्या. प्रवासापुरता घेतलेला रॉड कितीही कमी पैशांत मिळो, तो महागच पडतो. चार-सहा दिवस परगावी वापरायचा आणि उरलेलं वर्ष माळ्यावर टाकायचा, याला स्वस्त म्हणता येत नाही.

म्हणून आधी घरचं पाणी बघू. राहुरीजवळचं मुळा धरण, म्हणजे ज्ञानेश्वर सागर, २६ टीएमसीचं. त्याचा फुगवटा, नाथसागराची नेवासे-शेवगावकडची कड, पुणतांबे-कोपरगावची गोदावरी, प्रवरेचे डोह. इथे रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम आणि आता जिथे तिथे चिलापी. जुनी मंडळी अजून वेळूच्या काठीला तंगूस बांधून, शिसं लावून, गांडुळावर बसतात आणि भरपूर मासे काढतात. रीलवाल्यांना मात्र तळाला बसणारा रोहूही हवा असतो आणि गवतातून उसळणारी मरळही. दोन्ही कामं होतील असा रॉड म्हणजे सात फुटांचा, मध्यम ताकदीचा, १० ते ३० ग्रॅम वजन फेकणारा, पाच-सात किलोचं तंगूस पेलणारा. हे आकडे मुठीच्या वरच्या बाजूला छापलेले असतात. दुकानात आधी ते वाचावेत, रंग नंतर बघावा. (धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे आणि भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगीचं विचारून घ्यावं. हा नियम काश्मीरमध्ये पाळायचा आणि घरी सोडायचा, असं करू नये.)

आता तोच सात फुटांचा रॉड विमानात कसा न्यायचा? यासाठी पहिलं हत्यार म्हणजे मोजपट्टी, आणि ती लावायची आपल्या बॅगेला. आपल्याकडच्या विमान कंपन्या हातातल्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण ११५ सेंटीमीटर धरतात, म्हणजे ५५ गुणिले ३५ गुणिले २५ च्या आसपास. वजन ७ किलो. चेक-इनच्या बॅगेला तिन्ही बाजू मिळून १५८ सेंटीमीटर आणि देशांतर्गत साध्या तिकिटावर १५ किलो. काही कंपन्या या १५ किलोंत एकच नग धरतात. वेगळी नळी घेऊन गेलात तर दुसऱ्या नगाचे पैसे मोजावे लागतात, आणि जातायेता मिळून ते चांगल्या रीलच्या किमतीजवळ जाऊ शकतात. म्हणून रॉड कपड्यांच्या बॅगेतच मावला पाहिजे.

सात फूट म्हणजे २१३ सेंटीमीटर. त्याचे दोन तुकडे केले, तर जोडात शिरणारा भाग धरून एकेक तुकडा ११० च्या घरात जातो. घराघरांत असलेला दोन तुकड्यांचा रॉड इथेच बाद होतो. तीन तुकडे केले की ७५. मोठ्या बॅगेत तो तिरका बसतो, मध्यम बॅगेत अडतो. चार तुकडे केले की ५७. मध्यम बॅगेची आतली लांबी साठच्या पुढे असते, म्हणजे हा रॉड तिथे सरळ, आडवा, कपड्यांच्या मधोमध झोपतो. पाच तुकडे केले की ४७, तो हातातल्या बॅगेतही जातो. पण प्रत्येक जोड हा रॉडवरचा कडक ठिपका असतो, तिथे वाक थांबतो, आणि स्वस्त रॉडमध्ये प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे कारखान्याला कसूर करायला मिळालेली आणखी एक जागा. चार तुकडे ही माझी हद्द आहे.

मग लोक विचारतात, टेलिस्कोपिक का नको? एकात एक सरकणारा, बंद केला की हातभर, हजाराच्या आत मिळणारा. माझ्या टेबलावर दुरुस्तीला सर्वांत जास्त हेच येतात. त्याच्या कड्या, म्हणजे तंगूस ज्यातून जातं त्या रिंगा, प्रत्येक नळीच्या फक्त शेवटाला बसवता येतात. मधे कडी बसवली तर नळी आत जाणार नाही. त्यामुळे मासा ओढतो तेव्हा ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही, नळ्यांच्या तोंडांवर एकवटतो. नळ्या केवळ घासून घट्ट बसलेल्या असतात. फेकताना एखादी किंचित फिरली की कड्या एका रेषेत राहत नाहीत आणि तंगूस रॉडलाच घासू लागतं. उत्साही माणूस तो झटका देऊन उघडतो, मग जोड असा आवळतो की बंद होत नाही. वाळूचा एक कण आत गेला की प्रत्येक उघडझापीला भिंत खरवडली जाते. ओला बंद केला की पाणी आत कोंडतं. बंद अवस्थेत सगळ्या कड्या टोकाशी गोळा होतात आणि बॅग आपटली की पहिला मार त्यांनाच बसतो. लहान मुलाला चिलापी धरायला शिकवायचं असेल तर खुशाल घ्यावा, ते काम तो नीट करतो. चार किलोच्या कटल्यासमोर किंवा हजारो रुपये खर्चून गाठलेल्या नदीवर त्याच्या भरवशावर उभं राहू नये.

तुकड्यांच्या रॉडमध्ये पैसे जोडावर खर्च झालेत की रंगावर, हे दुकानातच कळतं. जोड दोन प्रकारचे. एकात वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा चढतो. दुसऱ्यात खालच्या तुकड्यातून भरीव दांडी वर आलेली असते आणि वरचा तुकडा तिच्यावर बसतो. दांडीच्या जोडात पूर्ण बसवल्यावरही दोन तुकड्यांमध्ये थोडी फट राहिली पाहिजे. नव्या रॉडमध्ये फट नसेल तर तो घेऊ नये, कारण झीज झाली की घट्ट करायला जागाच उरणार नाही. टोपीच्या जोडात बाहेरच्या तुकड्याच्या तोंडावर दोऱ्याचं बारीक, दाट गुंडाळण आहे का बघावं. जोड सैल राहिला की याच तोंडाला उभी चीर पडते आणि दोरा ती थोपवतो. जोड किती आत जातो तेही बघावं. बुडाकडे चार बोटं, टोकाकडे दोन बोटं, हा माझा ठोकताळा. मग रॉड पूर्ण जोडून हलकेच हलवायचा आणि कान द्यायचा. टक् टक् आवाज आला तर खाली ठेवायचा. वापरताना अधूनमधून प्रत्येक जोड दाबून बघायची सवय लावावी, कारण फेकून फेकून जोड सैल होतातच. माझ्याकडे येणारे चार तुकड्यांचे रॉड बहुधा सैल जोडापाशीच फुटलेले असतात.

यानंतर कार्बन की काच. दुकानदार कार्बनचे ‘टन’ सांगतो, २४ टन, ३० टन. हा आकडा ताठपणाचा आहे, मजबुतीचा नाही. जास्त टनाचा रॉड हलका आणि ताठ असतो, टोकाला माशाने नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं. हे सुख खरं आहे. पण पातळ भिंतीचा कार्बन टोचणाऱ्या माराला फार नाजूक. बॅगेत रीलचं हँडल त्यावर दाबलं गेलं, फेकताना शिसं आपटलं, तर वरून काही दिसत नाही, आत मात्र तंतू तुटलेले असतात, आणि मग ऐन मासा लागल्यावर रॉड तिथेच मोडतो. फायबरग्लासचा रॉड जड आणि सुस्त, पण मार खाऊन वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. कमी पैशांत प्रवासासाठी मी काच आणि कार्बन मिसळलेला रॉड सुचवतो. सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या हातून जाऊन तो शाबूत उतरतो आणि घरी रोहूच्या धडकेलाही पुरतो.

कार्बनबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगतो. कार्बन वीज वाहून नेतो. आपल्या फुगवट्याच्या काठाने शेतकऱ्यांच्या मोटारींच्या तारा जागोजागी खाली लोंबलेल्या असतात, आणि सात फुटांचा रॉड हातात उंच धरला की टोक सहज दहा-बारा फुटांवर जातं. तारेखाली गळ टाकू नका. ढग गरजायला लागले की रॉड आडवा ठेवून पाण्यापासून लांब व्हा. रॉड काचेचा असला तरी ओला असताना त्यावर विसंबू नका.

कड्या तपासायला खिशात थोडा कापूस असू द्यावा. कडीच्या आतल्या वर्तुळावरून तो फिरवायचा. कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे, आणि ती चीर विणलेल्या दोरीला बघता बघता कापते. रीलची बैठक आवळून रील हलतं का बघावं. मुठीला कॉर्क असो की फोम, फरक पडत नाही. अशा रॉडला साधारण दोन ते चार हजार रुपये पडतात. त्याहून खाली उतरलात तर जोड कच्चे मिळायची शक्यता वाढते, आणि वर गेलात तर मिळणारा हलकेपणा आपल्या पाण्यात फारसा कामी येत नाही. उरलेले पैसे रीलवर घालावेत.

रॉडबरोबर येणारी कापडी पिशवी धुळीपासून वाचवते, दाबापासून नाही. नळी हवीच. विकतच्या नळ्यांना भाव असतो, पण आपल्या जिल्ह्यात शेतीच्या पाइपांचं दुकान नाही असं बाजाराचं गाव सापडणार नाही. ७५ मिलिमीटरचा पातळ पीव्हीसी पाइप ६० सेंटीमीटर कापून घ्यावा, एका टोकाला टोपण सोल्यूशनने पक्कं चिकटवावं, दुसरं नुसतं दाबून बसवावं आणि वर चिकटपट्टी फिरवावी. दोन्हीकडे फोमचा तुकडा. तुकडे एकमेकांना घासू नयेत म्हणून प्रत्येकाला जुन्या पायमोज्याचं किंवा कापडाचं आवरण. मोठ्या कड्यांचा तुकडा आधी घालून बघावा, मग पाइपची जाडी ठरवावी.

गळ, सुरी, पकड, कात्री हे सगळं चेक-इनमध्येच. गळ डबीत, टोकं कॉर्कमध्ये रुतवून, कारण बॅग उघडून तपासणारा माणूस आत हात घालतो आणि त्याचं बोट आपल्याइतकंच दुखतं. हातातल्या बॅगेत रॉड नेता येईल का, हे शेवटी तपासणीला बसलेला अधिकारी ठरवतो. श्रीनगरसारख्या ठिकाणी तपासणी फार कडक असते, तिथे वाद घालण्यात विमान चुकेल. म्हणून हातात मावणारा रॉडसुद्धा चेक-इनमध्ये टाकावा. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. शिसं घरून नेऊ नये. १५ किलोंतला दीड किलो त्यात जातो आणि ते तिथेही मिळतं.

जागेप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. काश्मीरच्या लिद्दर किंवा सिंध नाल्यात, कुलूच्या तीर्थनमध्ये ट्राउट. तिथे मत्स्य खात्याचा परवाना घ्यायचा आणि नेमून दिलेल्या टप्प्यातच गळ टाकायचा. आपला मध्यम रॉड या माशाला जड पडतो, तीन ते दहा ग्रॅम फेकणारा साडेसहा फुटी, चार तुकड्यांचा हलका रॉड बरा. दोन रॉड एकाच नळीत मावतात. पिसांची माशी टाकायचा नऊ फुटी फ्लाय रॉड चार तुकड्यांत सर्रास मिळतो, पण बंद केल्यावर तो ७२ सेंटीमीटरच्या आसपास भरतो, हे बॅग निवडताना लक्षात ठेवावं.

उत्तराखंडात महाशीर. आपल्या दख्खनच्या महाशीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं. ती मुळा वेगळी, आपली मुळा हरिश्चंद्रगडाकडून येते आणि नेवाशाकडे प्रवरेला मिळते. हिमालयातला महाशीर त्याचा भाऊबंद, पण वाहत्या पाण्यात त्याचा जोर अफाट. तो धरून सोडायचा असतो, आणि लेचापेचा रॉड घेऊन त्याला तासभर दमवलं तर सोडल्यावर तो जगेलच असं नाही. म्हणून तिथे आठ फुटी, ४० ग्रॅमपर्यंत फेकणारा दणकट रॉड लागतो. त्याचे चार तुकडे ६५ च्या घरात जातात, म्हणजे एक नंबर मोठी बॅग आणि तेवढीच लांब नळी.

अंदमानात मोठ्या मासळीमागे जाणार असाल तर रॉड विकतच घेऊ नका. त्या माशाला पेलणारा रॉड कमी पैशांत बनत नाही आणि जो बनतो तो मुळा धरणावर निरुपयोगी. बोटवाल्याकडे भाड्याने विचारा, ते बुकिंग करतानाच ठरवून घ्या, आणि आपला चार तुकड्यांचा रॉड किनाऱ्यावरच्या लहान माशांसाठी ठेवा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर कड्या आणि रीलची बैठक गोड्या पाण्याने धुवायला विसरू नये.

परतीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळीच सगळे जोड सोडवून बघावेत. एखादा अडकला तर कड्यांना धरून पिळू नका, कडी निघते, जोड निघत नाही. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरायचा, जोडाच्या दोन्ही बाजूंना हात गुडघ्यांच्या बाहेरून, आणि हात ताठ ठेवून गुडघे फाकवायचे. तरी हलला नाही तर जोडावर बर्फ फिरवून पुन्हा तेच. घरी आल्यावर तुकडे पुसून एक दिवस सावलीत उघडे वाळवा आणि जोडाच्या आत जाणाऱ्या भागावर मेणबत्ती हलकीच घासा.